परजीवींचे खलिते



महाड-पोलादपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रायगड उभा राहतो, मग तानाजींचे उमरठ, मग सावित्री नदी. मी इतिहासाचा शिक्षक. त्यामुळे गड, वेढे, तह आणि फितुरी हेच माझे रोजचे बोलणे. पण आज मी ज्या किल्ल्याविषयी बोलणार आहे, तो सह्याद्रीच्या रांगेत सापडायचा नाही. तो किल्ला म्हणजे तुमचे-आमचे शरीर. त्याला कातडीचा तट आहे, नाक-तोंडाचे दरवाजे आहेत आणि रक्तात रात्रंदिवस फिरणारा पांढऱ्या पेशींचा पहारा आहे. या पहाऱ्यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो.

या विषयाकडे मला ओढले ते एका विद्यार्थ्याने. वर्गात सार्वजनिक आरोग्याचा इतिहास चालला होता आणि मी नारूच्या रोगाबद्दल सांगत होतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, पायात काटा मोडला तर दोन दिवसांत पाय ठणकतो, पू होतो. माझे आजोबा तरुणपणी घाटावर कामाला होते, त्यांना नारू झाला होता. हातभर लांबीचा तो जंत वर्षभर अंगात होता म्हणतात. मग काट्याची दखल घेणारं शरीर एवढ्या मोठ्या जंताची दखल का घेत नाही?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. मी त्याला म्हटले, "शोधून सांगतो." शोधता शोधता माझ्या हाती एक इतिहासच लागला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम नारूचेच पाहू. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक पाणपिसू असतो. त्याच्या पोटात नारूची पिल्ले असतात. असे पाणी न गाळता प्यायले, की ती पिल्ले माणसाच्या अंगात उतरतात. मादी आतल्या आत वाढते, सुमारे मीटरभर लांब होते आणि वर्षभराने बहुधा पायाला फोड आणून बाहेर डोके काढते. मग ती काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळून काढायची. जुन्या माणसांनी हे हाल पाहिले आहेत. या रोगावर ना लस होती, ना नेमके औषध. १९८३-८४ साली देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. लोकांनी पाणी फडक्याने गाळले, पायऱ्यांच्या विहिरी बदलून रहाटाच्या किंवा पंपाच्या केल्या, पाण्यात औषध टाकले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला, पण त्या मुलाचा प्रश्न मागे राहिलाच : शरीर गप्प का बसत होते?

आता आपल्या कोकणातलीच दुसरी हकीकत ऐका. पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडून खेड-चिपळूण गाठले, की पुढे गुहागरच्या वाटेवर गिमवी नावाचे गाव लागते. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या दोन संशोधकांनी या गावाचे नाव वैद्यकाच्या जगात पोहोचवले. गावातल्या काही लोकांच्या लघवीतून रक्त जात होते. तपासणीत जंताची अंडी सापडली. आफ्रिकेत आणि ईजिप्तमध्ये ज्या रोगाने हजारो वर्षे माणसे पिडली, त्या शिस्टोसोमा जातीच्या जंताचे ठाणे मुंबई राज्यातल्या एका लहानशा खेड्यात निघाले! हिंदुस्थानात हा रोग इथल्या इथे होत नाही, बाहेरून आलेल्यांनाच तो असतो, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती.

या जंताची चाल मोठी धूर्त आहे. तो पाण्यातल्या गोगलगाईच्या पोटात वाढतो. गिमवीला टोपीसारख्या कवचाची एक इवलीशी गोगलगाय त्याचा आसरा म्हणून दाखवली गेली. गोगलगाईतून सुटलेली पिल्ले पाण्यात पोहतात, आणि माणूस आंघोळीला वा कपडे धुवायला पाण्यात उतरला की त्याची कातडी भेदून आत शिरतात. पुढे नर आणि मादी जोडीने रक्तवाहिनीत बिऱ्हाड करतात. रक्तवाहिनी म्हणजे शरीराचा राजरस्ताच! पहारेकऱ्यांची गस्त तिथूनच चालते. आणि अशा जागी हे जोडपे काही वर्षे, क्वचित् तीस वर्षांहूनही अधिक काळ सुखाने नांदते. चोराने चावडीतच संसार थाटावा, तसा हा प्रकार.

हे कसे जमते, याचे पहिले चांगले उत्तर १९६९ साली मिळाले. स्मिदर्स, टेरी आणि हॉकली या इंग्रज शास्त्रज्ञांनी उंदरांत वाढलेले शिस्टोसोमा काढून माकडांच्या अंगात घातले. साध्या माकडांत ते जगले. पण ज्या माकडांना उंदराच्या रक्ताविरुद्ध आधीच तयार करून ठेवले होते, त्यांच्या अंगात तेच जंत मारले गेले. याचा अर्थ काय? जंताने उंदराच्या अंगचे पदार्थ आपल्या अंगावर पांघरले होते. उंदराच्या घरी तो उंदराची घोंगडी घेऊन बसला होता. म्हणून उंदराचा पहारा फसला. लावणीच्या दिवसांत चोरानेही इरले पांघरून बांधावर उभे राहावे, तो गडी कोण आणि चोर कोण हे दुरून ओळखू येऊ नये, तसेच हे.

वेषांतराची ही गोष्ट खरी होती, पण पुरी नव्हती. वेषांतर केलेल्या चोराला पहारेकरी ओळखत नाहीत, एवढेच. पण इथे तर पहारेकरी सुस्तावलेले दिसत. नुसत्या घोंगडीने पहारेकरी सुस्त कसे होतील? कोणीतरी त्यांच्या कानाशी लागत असले पाहिजे. आपल्या रायगडाचेच उदाहरण घ्या ना. १६८९ साली गड मोगलांच्या हाती गेला. त्यामागे फितुरी किती आणि वेढा किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण फितुरीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो हा, की आतल्या माणसाला निरोप गेला कसा? शरीराच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते सापडले पेशीच्या केरात.

१९६७ साली पीटर वुल्फ या संशोधकाला रक्तातल्या चपट्या कणिकांभोवती फार बारीक भुकटी आढळली. तिला त्याने धूळच म्हटले. पुढे १९८३ साली कॅनडात माँट्रिअल येथे रोझ जॉन्स्टोन ही विदुषी मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होती. पेशी पक्व होताना नको असलेला माल बारीक बारीक पिशव्यांत बांधून बाहेर टाकते, असे तिला दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटालाही उंदराच्या जातीच्या प्राण्यात हेच आढळले. पुढे १९८७ साली या पिशव्यांना एक्सोसोम हे नाव मिळाले. मराठीत त्यांना पुटिका म्हणतात. त्या किती लहान? साधारण १०० नॅनोमीटरच्या पुटिका एका ओळीत मांडल्या, तर एका मिलिमीटरात दहा हजार बसतील! भाताच्या एका दाण्याच्या लांबीत साठ हजार सहज मावतील. कोणाचे लक्ष जाणार? बहुतेकांनी मानले, की हा पेशीचा केरकचरा आहे.

पण १९९६ साली फ्रान्स आणि हॉलंडमधल्या संशोधकांनी दाखवले, की पहारेकरी पेशींच्या पुटिका दुसऱ्या पहारेकऱ्यांना कामाला लावू शकतात. २००७ साली स्वीडनमध्ये याहून मोठा शोध लागला : या पुटिकांत आर.एन.ए. असते. आर.एन.ए. म्हणजे पेशीच्या कारभारातली लेखी आज्ञाच समजा. एका पेशीने ती पुटिकेत घालून धाडावी, आणि दुसऱ्या पेशीने ती आत घेऊन तिच्याप्रमाणे वागावे, असे घडत होते.

इथे मला, इतिहासाच्या माणसाला, एकदम आपला जुना शब्द आठवला. मराठेशाहीत राजेरजवाड्यांची पत्रे थैलीत घालून रवाना होत. अशा पत्राला खलिता म्हणत. आणि खलिता या शब्दाचा मूळ अर्थच मुळी पिशवी असा आहे. पिशवीवरून तो शब्द पत्रावर आला. तेव्हा पुटिका म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, शरीरातला खलिता. ज्याला आपण इतके दिवस केर समजत होतो, तो दप्तराचा पत्रव्यवहार निघाला!

एकदा हे कळल्यावर पुढचा प्रश्न उघडच होता. पेशी खलिते पाठवते, तर परजीवीही पाठवीत असेल काय? आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ मुळे रुतवून रस पिते, एवढेच आपण जाणतो. पण शरीरातली ही बांडगुळे लिहिती-वाचती निघाली.

२०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी काळ्या आजाराच्या परजीवीच्या पुटिका तपासल्या. या परजीवीचे नाव १९०३ साली लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन या दोघांच्या शोधांतून वैद्यकात रूढ झाले. हा प्राणी कमालीचा धीट. तो पांढऱ्या पेशीच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्याच पोटात राहतो. त्याच्या पुटिका पहारेकऱ्यांचे वागणे बदलतात आणि लढ्याची हाक मंद करतात, असे दिसून आले. २०१२ साली स्पेनमधील संशोधकांनी यकृतातल्या चपट्या जंताच्या पुटिका दाखवल्या. हा जंत आपल्या गुरे पाळणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. म्हैस किंवा बैल खंगतो, पोट बिघडते, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबते; गुरांचे डॉक्टर त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात. आपल्याकडच्या जंताची जात स्पेनमधल्याहून थोडी वेगळी, पण कूळ एकच. तोही गोगलगाईतूनच येतो, आणि भातखाचरांच्या, पाणथळ चोंढ्यांच्या गवतावर बसून गुरांच्या पोटात जातो.

मलेरियाची हकीकत आणखी निराळी. डासांतून मलेरिया पसरतो याचा पुरावा रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत पाहिला, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २०१३ साली, दोन निरनिराळ्या गटांनी दाखवले, की मलेरियाने ग्रासलेल्या तांबड्या पेशींतून सुटणाऱ्या पुटिका परजीवी एकमेकांना निरोप म्हणून वापरतात. आता डासात जाण्याजोगे रूप घ्या, असा तो निरोप असतो. मात्र त्याच पुटिका शरीराच्या पहारेकऱ्यांना चेतवतातही. म्हणजे प्रत्येक खलिता पहाऱ्याला झोपवणाराच असतो, असे समजू नका. काही खलिते शत्रूच्या हाती पडून कट उघडकीस आणतात, तसेही इथे घडते.

जंतांच्या बाबतीत मात्र झोपवण्याचा प्रकार स्पष्ट दिसला. २०१४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे उंदराच्या आतड्यातल्या एका जंतावर काम झाले. त्याच्या पुटिका उंदराच्या पेशींनी आत घेतल्या. त्यांतल्या बारीक आर.एन.ए.ने उंदराच्या काही जनुकांचा आवाज दाबला. बुरशीमुळे ज्या उंदरांच्या फुप्फुसात दम्यासारखी सूज यायची, त्यांना या पुटिका दिल्यावर सूज कमी झाली. आणि २०२० साली गिमवीच्या जंताच्या एका चुलतभावाबद्दल असे दिसले, की त्याच्या पुटिकांतली एक आज्ञा थेट पहारेकऱ्यांच्या नायकांपर्यंत, म्हणजे टी-पेशींपर्यंत पोहोचते, आणि जंतांशी लढणारी जी खास तुकडी उभी राहायची, तिची भरतीच कमी करते. बाहेरून आलेल्याने गडाच्या सरनोबताच्या नावे हुकूम लिहावा आणि शिपाई घरी परत जावेत, असाच हा प्रकार.

तेव्हा त्या मुलाला मी काय उत्तर दिले? मी सांगितले, "बाबा रे, काटा मुका असतो. त्याच्यावरचे जंतू नवखे असतात. त्यांना आपल्या पहाऱ्याची बोली येत नाही. म्हणून शरीर लगेच ओरडते. जंताचे तसे नाही. लाखो वर्षे आपल्यासारख्यांच्या अंगात राहून तो आपली बोली शिकला आहे. तुझ्या आजोबांच्या नारूने नेमके काय केले ते मी सांगत नाही. पण त्याच्या जातभाईंचे खलिते आता पकडले गेले आहेत."

पकडलेल्या खलित्याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग आहे. शत्रूची मोहर ओळखता आली की त्याचा पुढचा हुकूम अडवता येतो. २०१७ साली त्याच एडिंबरोच्या गटाने उंदरांना जंताच्या पुटिकांचीच लस टोचून पाहिली, आणि त्या उंदरांचा जंतापासून चांगला बचाव झाला. हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे. दवाखान्यात यायला त्याला वेळ लागेल. उलट बाजूने, दमा किंवा अॅलर्जी यांत शरीराचा पहारा उगाच बिथरतो, तिथे जंताची ही शांत करण्याची विद्या औषध म्हणून वापरता येईल काय, याचाही शोध चालू आहे.

पण इथे एक सावधगिरीची सूचना. हे ऐकून कोणी म्हणेल, "मग जंत बरेच की! असू देत पोरांच्या पोटात." नाही हो, तसे मुळीच नाही. जंत पहारा शांत करतो तो स्वतःच्या सोयीसाठी. अंकुशकृमी रक्त पितो. पोर पांढरे पडते, वर्गात पेंगते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. पहारा जंतासाठी मंदावला की तो दुसऱ्या कामातही मंद होऊ शकतो. काही अभ्यासांत जंत असलेल्यांना लसीचा गुण कमी आलेला दिसला आहे, सगळ्या अभ्यासांत नाही. म्हणूनच २०१५ पासून फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळांतून, अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ती गोळी केवळ वरून आलेले काम म्हणून वाटू नका. मुलांना हा खलित्यांचा इतिहास सांगा आणि मग गोळी द्या. मुले आवडीने घेतील.

आणि शेवटी पाण्याविषयी. महाडच्या माणसाने पाण्याविषयी बोलताना चवदार तळ्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर काही लोकांनी तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेतले. कज्जा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल कायम केला. मला या घटनेत नेहमी एक गोष्ट टोचते. ज्या माणसाच्या स्पर्शाने पाण्याला काहीच होत नाही, त्याला आपण शत्रू मानले; आणि ज्या पाणपिसवाने, गोगलगाईने, शेणा-मैल्याने पाणी खरोखर बिघडते, त्याची विचारपूस केली नाही. ज्याला चांगल्या पाणवठ्यावरून हाकलले, त्याच्या वाट्याला डबके आले, आणि डबक्यातला जंत जात विचारून अंगात शिरत नाही. शरीराचा पहारा जंताच्या खलित्याने फसतो, हे निदान समजण्याजोगे आहे. समाजाचा पहारा मात्र आपल्याच अज्ञानाने फसला होता.

म्हणून मला या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे. आतला पहारा कितीही शूर असला, तरी त्याला फसवणारे आहेत. तेव्हा बाहेरचा पहारा आपण धरला पाहिजे. पाणी गाळून, उकळून प्या. ओहोळा-पऱ्याच्या काठी शौचाला जाऊ देऊ नका, संडास वापरा. चिखलणी-लावणीला अनवाणी उतरावे लागते हे मी जाणतो. पण घराभोवती आणि परसात तरी पोरांच्या पायांत वहाण असू द्या. साचल्या पाण्याकाठचे गवत गुरांना घालण्याआधी विचार करा, आणि गुरांच्या डॉक्टरांना विचारून त्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध पाजा. नारू गेला तो कोणा मोठ्या यंत्राने नव्हे. तो गेला घराघरांतल्या फडक्याने आणि गावागावांत बदललेल्या विहिरींनी. शास्त्रज्ञ खलिते वाचोत. तोवर दरवाजा आपण सांभाळू.